आधी पासपोर्ट, मग तिकिटं

मित्रांसोबत महिनाभर परदेशी फिरायला निघतोयस, तर तिकिटं काढायची घाई करू नकोस. आधी सगळ्यांचे पासपोर्ट एका टेबलावर उघडून मांड. बऱ्याच देशांना निदान 6 महिन्यांची मुदत शिल्लक लागते. आमच्यातल्या एकाची 4 महिनेच उरली होती, आणि ते कळलं थेट विमानतळाच्या काउंटरवर. बाकीचे आम्ही गेलो, तो बॅग ओढत माघारी फिरला. त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

युरोप ठरत असेल तर शेंगेन देशांत (म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, तेही सगळे देश मिळून. व्हिसा लागत असेल तर अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो.

पैशाचं बोलणं मात्र निघण्याआधीच होऊ दे. कुणाला किती झेपेल ते एकेकट्याला विचार, चारचौघांत खरा आकडा कुणी सांगत नाही. सगळ्यात कमी आकडा ज्याचा, त्याच्या बेतानं सहल आख. मैत्री बिघडते ती इथेच रे.

विमा प्रत्येकाचा हवाच. आणि दर चार-पाच दिवसांनी एक दिवस मोकळा ठेव, ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ दे. महिनाभर चोवीस तास एकत्र राहणं जिवलगांनाही जड जातं.