नवशिक्याने परवडणारा सॉफ्ट गोल्फ बॉल कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात गोल्फ शिकायला लागून तीन महिने झाले, एका फेरीत पाच-सहा बॉल हरवतात, कोणी सांगतं सॉफ्ट बॉल घ्या, कोणी सांगतं महागाचा घ्या म्हणजे ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) थांबेल. मग परवडेल असा सॉफ्ट बॉल कोणता?

आधी उत्तर देते. टू-पीस (आत एक गाभा, वर एक कव्हर), आयोनोमर म्हणजे चिवट प्लास्टिकच्या कव्हरचा, कमी कॉम्प्रेशनचा म्हणजे फटक्याला सहज दबणारा बॉल घ्या. कॅलवे सुपरसॉफ्ट, विल्सन ड्युओ सॉफ्ट, स्रिक्सन सॉफ्ट फील आणि टायटलिस्ट ट्रूफील हे चारही त्यात बसतात. दुकानागणिक भाव बदलतो, पण डझन साधारण दोन-अडीच हजारांच्या आसपास पडतो. टायटलिस्टच्या प्रो व्ही वनसारखा, व्यावसायिक खेळाडूंचा टूर बॉल घ्यायचा तर त्याच्या दुप्पट तरी मोजावे लागतात. या चारांपैकी एक निवडा आणि सहा महिने त्याच बॉलने खेळा.

किंमतीवर मी एवढा जोर का देते, ते सांगते. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर शिकायला लागले. त्याच सुमारास धाकट्या दिरांनी परदेशातून येताना टूर बॉलचा एक अख्खा डझन आणून दिला. मी फार खूश होते. पण टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, उभी राहिले की डोक्यात एकच हिशोब: हा चारशेचा बॉल, उजवीकडे झाडी. हात आखडायचे, स्विंग अर्ध्यावर थांबायचा, आणि बॉल नेमका झाडीतच जायचा. कॅडी सांगायचा, "बेन, लीमडा पाछळ गयो" (ताई, कडुलिंबामागे गेला), आणि पुढच्या टीवर मी पिशवीतला जुना, खरवडलेला बॉल काढायचे. असे दोन महिने गेले. एका फेरीत तीन-चार जातींचे बॉल, त्यामुळे कुठल्याच फटक्याचा अंदाज बसेना. सरांनी शेवटी तो डझन कपाटात ठेवायला लावला आणि साधे टू-पीस बॉल हातात दिले. बॉल गेला तर गेला, असं मनाला पटल्यावर स्विंग पहिल्यांदा पूर्ण झाला. म्हणून सांगते, हरवल्यावर जीव हळहळणार नाही अशा किंमतीचा बॉल हाच शिकणाऱ्याचा बॉल.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, ही भीती मात्र काढून टाका. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत: वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको. वरच्या चारही बॉलना ते लागू आहेत.

आता 'सॉफ्ट' या शब्दाकडे येऊ, कारण गोंधळ तिथेच होतो. बॉलमध्ये दोन गोष्टी मऊ असू शकतात, आतला रबरी गाभा किंवा बाहेरचं कव्हर. खोक्यावर सॉफ्ट लिहिलेल्या स्वस्त बॉलमध्ये बहुधा गाभा मऊ असतो. कॉम्प्रेशन म्हणतात ते त्या दबण्याचं माप, आकडा जितका कमी तितका गाभा मऊ. सुपरसॉफ्ट आणि ड्युओ सॉफ्टचा आकडा चाळीसच्या आत-बाहेर, सॉफ्ट फीलचा साठच्या आसपास, प्रो व्ही वनचा नव्वदच्या जवळ. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजते, म्हणून दोन-चार अंकांच्या फरकावरून वाद घालत बसू नका. टूर बॉलचं कव्हर युरेथेनचं, म्हणजे मऊ प्लास्टिकचं असतं. वेजच्या (जवळच्या, उंच फटक्याच्या क्लबच्या) खाचा त्यात रुततात, बॉलला उलटा फिरका मिळतो आणि तो ग्रीनवर थांबतो. तुम्हाला "थांबेल" असं ज्यांनी सांगितलं ते खोटं बोलले नाहीत. फक्त तो फिरका मिळायला फटका स्वच्छ बसावा लागतो. तीन महिन्यांत तो दहातून दोनदा बसतो, उरलेल्या आठ वेळी पैसे वाया.

पूर्वी मऊ बॉल म्हणजे बलाटाच्या (रबरासारख्या पदार्थाच्या) कव्हरचा बॉल. तो महाग आणि नाजूक, आयर्नची (लोखंडी क्लबची) धार लागली की कापलाच. 1960 च्या दशकात ड्यूपाँटचं सर्लिन आलं, ते या आयोनोमरच्याच कुळातलं. कव्हर चिवट झालं, फटका चुकला तरी बॉल टिकू लागला. पुढे त्या चिवट कव्हराच्या आत मऊ गाभा बसवला, आणि आज आपल्याला परवडतो तो सॉफ्ट बॉल तयार झाला. चुकणाऱ्या हातांसाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही.

सॉफ्ट बॉल लांब जातो, हे मात्र मानू नका. हळू स्विंगवाल्याने कडक बॉल मारला तर तो दबतच नाही, असंही सर्रास सांगितलं जातं. ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचा) फटका बसला की कुठलाही बॉल दबतो. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते. तुमच्या-माझ्या वेगाला अंतरातला फरक थोडासाच राहतो. खरा फायदा दुसरीकडे आहे. असा बॉल ड्रायव्हरवर कमी फिरतो, म्हणून स्लाइस झाला (बॉल हवेत बाजूला वळला) तरी थोडा कमी वळतो. स्लाइस बरा करत नाही हं तो, ते काम तुमच्या ग्रिपचं आणि सरांचं. पण रफच्या (वाढलेल्या गवताच्या) कडेला सापडणारा बॉल आणि कुंपणापलीकडे गेलेला बॉल यांत कधी कधी तेवढाच फरक असतो.

आणि तो मऊ 'फील', तो बराचसा कानात असतो! एकदा कानात कापसाचे बोळे घालून पटिंग करून (ग्रीनवर बॉल भोकाकडे घरंगळवून) पाहा. टक् आवाज करणारा आणि ठप् आवाज करणारा, दोन्ही बॉल हाताला जवळपास सारखे लागतात. हे कळल्यापासून मी नवीन मुलींना बॉल निवडायला टीवर नेत नाही, पटिंग ग्रीनवर नेते. तीन बॉलची एक स्लीव्ह मिळते, तशा दोन जातींची एकेक स्लीव्ह घ्या. छाप खाली करून दहा-दहा पट मारा, मग ग्रीनच्या कडेवरून दहा-दहा चिप, म्हणजे छोटे उचललेले फटके. ज्याचा आवाज ऐकून "हा किती लांब जाईल" याचा अंदाज आपोआप येतो, तो तुमचा. आयोनोमरचा बॉल चिपनंतर जास्त गडगडतो, तेव्हा तो ग्रीनवर जरा अलीकडेच टाका आणि गडगडू द्या. हे एकदा जमलं की थांबणाऱ्या बॉलची फारशी आठवण येत नाही.

वापरलेले बॉल घ्यावेत का, हेही विचारलंत. घ्या, पण नुसते धुऊन निवडलेले घ्या, रंग मारून नवे केलेले नकोत. मी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून दोन डझन घेतले, फोटोत मोत्यासारखे चकचकीत. आठवड्याभरात रंगाचे पोपडे निघाले आणि खालून भलताच छाप दिसला. नव्या रंगाने डिंपल भरले की बॉलचं हवेतलं वागणं बदलतं, वर आत नेमका कुठला बॉल आहे तेही कळत नाही. प्रॅक्टिस रेंजचे बॉल तर फेरीत आणूच नका, ते टिकण्यासाठी बनवलेले असतात आणि ग्रीनजवळचा अंदाज पार बिघडवतात.

आपल्या गावापुरतं थोडं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानं गळतात, रफ पिवळा पडतो, त्यात पिवळा बॉल शोधता शोधता डोळे दुखतात. तेव्हा पांढरा किंवा नारिंगी बरा. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, तिथे पिवळा लगेच दिसतो. 2019 पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, म्हणून रंगाचा विचार वाटतो तेवढा किरकोळ नाही. बॉलवर मार्करने स्वतःची खूणही करा. छापाखालचा एक ते चार आकडा फक्त ओळखीसाठी असतो, त्याचा मऊपणाशी संबंध नाही. मे महिन्यात डझनचं खोकं गाडीच्या डिकीत ठेवू नका, त्या भट्टीत रबराचं काही भलं होत नाही.

युरेथेनकडे कधी वळायचं? एकच बॉल घेऊन अख्खी फेरी संपवलीत, असं महिन्यात दोन-तीनदा घडलं आणि चिप ठरवलेल्या जागी पडायला लागली की एक स्लीव्ह आणून त्याच पटिंग ग्रीनवर पुन्हा तीच चाचणी करा. माझ्या कपाटातला तो डझन मी चौथ्या वर्षी उघडला.