घरात दोन लहान मुलं असताना 'रोजचे छोटे विजय साजरे करा' म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी अकरा महिन्यांची, दिवसभर राबूनही रात्री 'आज काहीच झालं नाही' असं वाटतं, आणि सल्ला देणाऱ्यांचं ऐकायचं तर रोज केक कापायचा का? केक नको. माझीही दोन आहेत, तुमच्या मुलांपेक्षा जरा मोठी, आणि माझं मत असं की साजरं कसं करायचं हा नंतरचा प्रश्न. आधी विजय कशाला म्हणायचं ते ठरवा.

'आज त्याने पोळी संपवली' याला मी विजय म्हणत नाही. त्याला भूक होती, संपला विषय. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. वाढीचा वेगच उतरल्यावर भूक कमी होणारच. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणी मला पटते : काय, कधी आणि कुठे वाढायचं हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. म्हणजे वरणभात, भाजी वेळेवर ताटात पडली आणि मोबाईल न लावता सगळे जेवायला बसले, की तुमचं काम फत्ते. त्यानं दोन घास खाऊन ताट सरकवलं तरी.

चालण्याचंही तसंच. शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चालतं आणि आपलं अजून सोफा धरून उभं, हे रोज कानावर येत असणार. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ साली टप्पे प्रसिद्ध केले, त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा दिला आहे. आणि सुमारे चार टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत! मुलगी चालेल त्या दिवशी खुशाल पेढे वाटा, पण तोवरचे दिवस वाया गेले असं धरू नका.

सगळ्यात जपायचं ते अंथरुणाच्या बाबतीत. गादी कोरडी राहिली म्हणून सकाळी टाळ्या वाजवल्या, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल केला, तर उद्या गादी ओली झाल्यावर त्या पोरानं काय समजायचं? झोपेत शू होणं त्याच्या हातात नसतं. पाच वर्षांपर्यंत तर डॉक्टर त्याला आजारही म्हणत नाहीत. उलट दिवसा 'आई, शू' म्हणून तो खेळ सोडून आला, ते त्यानं केलं. तिथे सांगा, 'तू वेळेवर सांगितलंस.' नुसत्या 'शाब्बास'पेक्षा मुलांना हे जास्त कळतं. उलटा का होईना, स्वतः घातलेला मोजाही यातलाच. तो सुलटा करायला जाऊ नका, शाळेत कुणी बघत नाही.

आता तुमचे विजय. दहाच्या दहा नखं रडारडीशिवाय कापली गेली. औषध उलटून पडलं नाही. बागेतून निघताना तमाशा झाला नाही (इथे एक युक्ती : 'पाच मिनिटं' म्हणू नका, या वयात मिनिटं कळत नाहीत, 'अजून दोनदा घसरगुंडी' म्हणा). दूध सांडलं आणि तुम्ही ओरडला नाहीत. चहा गरम असताना प्यायलात. आमच्याकडे रात्री ओटा पुसता पुसता नवरा-बायकोनं एकमेकांना एकेक सांगायचं, एवढाच सोहळा. कधी नवरा म्हणतो, 'आज मी काहीही विसरलो नाही.' चालतं. सासूबाईंना यात काय मोठंसं ते कळत नाही, तेही चालतं. फक्त हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे लगेच दुसऱ्या कुणाचं पोर पाढे म्हणायला लागतं.

आपल्याकडच्या जुन्या रीती या बाबतीत शहाण्या आहेत. उष्टावणाला चमचाभर खीर तोंडाला लागली की झालं, बाळानं गिळली का थुंकली हे कुणी विचारत नाही. बोरन्हाणात तर मूल हलव्याचे दागिने घालून नुसतं बसतं. बोरं, चुरमुरे डोक्यावरून पडतात, गोळा करायला बाकीची पोरं असतातच. काही करून दाखवायची अट नाही. मुलीचं झालं नसेल तर येत्या संक्रांतीला करून टाका, रथसप्तमीपर्यंत वेळ असतो.

एक मात्र वेगळं सांगते. 'काहीच झालं नाही' हे थकव्यापुरतं असेल तर ठीक. पण दोन आठवडे उलटूनही कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नसेल, तर विजय मोजत बसू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही डोकं वर काढू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या डॉक्टरांशी बोला, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.