शेक्सपिअर, जेन ऑस्टिन वाचताना शब्द ओळखीचे असूनही वाक्य लागत नाही. काय करावं?

गोम त्या ओळखीच्या शब्दांतच आहे. अनोळखी शब्द आला की तुम्ही कोश उघडता. ओळखीच्या शब्दापाशी थांबतच नाही.

ज्युलिएट 'व्हेअरफोर' म्हणते ते 'कुठे' नव्हे, 'का'. रोमिओ कुठे आहे हे ती विचारत नाही. तू रोमिओच का, वैऱ्याच्या घराण्यातला का, हे तिचं दुःख आहे. भुतामागे निघालेला हॅम्लेट 'जो मला लेट करेल' त्याला ठार करण्याची धमकी देतो. तिथे 'लेट' म्हणजे अडवणं, आजच्या अर्थाच्या अगदी उलट. 'प्रेझेंटली' म्हणजे बहुधा ताबडतोब, 'फाँड' म्हणजे पुष्कळदा खुळा. 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये पाद्री कॉलिन्स आपली आश्रयदाती लेडी कॅथरिन हिच्या 'कंडिसेन्शन'चे (आजच्या अर्थाने तुच्छतेने वागण्याचे) गोडवे गातो, कारण थोरामोठ्यांनी खालच्यांशी मोकळेपणाने वागणं हा तेव्हा गुण मानला जाई.

व्याकरणात मात्र मराठी वाचकाचं पारडं जड आहे. 'दाऊ' म्हणजे तू, 'दी' तुला, 'दाय' तुझा. 'यू' हे तुम्ही, एकट्यालाही आदराने. पात्र मध्येच 'यू'वरून 'दाऊ'वर उतरलं की तिथे थांबाच: राग आहे, तुच्छता आहे की जवळीक? भांडणात 'अहो'चं 'अरे' होतं तसंच हे. 'हॅस्ट' दिसलं की कर्ता तू, 'हॅथ' दिसलं की तो किंवा ती. 'हिदर' इकडे, 'दिदर' तिकडे, 'हेन्स' इथून, 'व्हेन्स' कुठून. 'मीथिंक्स' तर थेट 'मला वाटतं'; त्यातला 'मी' म्हणजे 'मला', आणि क्रियापदही विचार करण्याचं नसून भासण्याचं. म्हणून आधी आजच्या इंग्रजीत आणि मग मराठीत, असा द्राविडी प्राणायाम करू नका. सरळ मराठी करा.

एक प्रवेश टिपा न बघता वाचा. अर्थ जुळत नाही तिथल्या सोप्या शब्दांखाली रेघ मारा. मग मोठा ऑक्सफर्ड कोश उघडा. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणं असतात. पुस्तकाच्या काळात चालू असलेला अर्थ उचला. शालेय कोशात बहुतेक आजचेच अर्थ मिळतील आणि गोंधळ वाढेल. शेक्सपिअरमध्ये 'ॲन'च्या पुढे नामाऐवजी 'इट', 'दाऊ' असं सर्वनाम आलं, तर तो 'एक' नाही, 'जर' आहे. ही चूक फार होते, आणि अख्खं वाक्य हातचं जातं.