क्रूझ दीरांनी भरली, बंदरांवरच्या सहलींचे दीड लाख आपण भरावेत का?

प्रश्न: आम्ही बडोद्याला मांजलपूरमध्ये राहतो. मी शिक्षिका आहे, मिस्टर मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख १० हजार हातात येतात. न्यू जर्सीतल्या दीरांनी मे महिन्यात मायामीहून निघणारी सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ बुक केली आहे. केबिनचे पैसे त्यांनीच भरले. ते चौघे आणि आम्ही चौघे: आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. बंदरांवर उतरून करायच्या सहलींचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. जाऊबाईंनी जहाज कंपनीच्या सहलींची यादी पाठवली आहे. कोकोके बेटावर वॉटरपार्क माणशी ११० डॉलर, ग्रँड केमनला स्टिंगरे (चपटे समुद्री मासे) बघणं ७९, कोझुमेलहून टुलुम १४९ आणि कोस्टा मायाहून चाक्चोबेन ८५. त्यांनी सगळं घेतलं आहे. आम्ही २ लाखांची एफडी मोडावी, एसआयपी थांबवावी, की कार्डावर ईएमआय करावा? आणि एवढ्या सहली घ्याव्यात तरी का?

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की एफडीचा प्रश्न उरतच नाही.

माणशी ४२३ डॉलर, चौघांचे १,६९२. डॉलर ९० रुपये धरला तर १ लाख ५२ हजार २८०. कार्डावर परकीय चलनाचं मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, साधारण साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी धरला, तर आणखी सहा हजारांच्या वर जातात. म्हणजे तुम्हा दोघांच्या दीड महिन्याच्या कमाईहून थोडं कमी. फुकट मिळालेल्या क्रूझवर हा खर्च बराच आहे.

आता या किमतीत काय काय असतं ते पाहू. जहाज कंपनीकडून सहल घेतली आणि बसला परतायला उशीर झाला, तर जहाज थांबतं. नाहीच थांबता आलं तर पुढच्या बंदरापर्यंत तुम्हाला पोहोचवण्याचा खर्च कंपनी उचलते. बाहेरच्या सहलवाल्याकडून तीच सहल बहुतेक वेळा स्वस्त पडते, पण उशीर झाला की तुम्ही आणि तुमचं नशीब. याचा अर्थ जहाजाच्या तिकिटात एक छोटा विम्याचा हप्ता दडलेला आहे. जिथे जहाज चुकण्याची भीती खरी आहे तिथे तो भरावा, जिथे नाही तिथे भरू नये. चारही बंदरं याच एका कसोटीवर लावून बघू.

कोकोके हे बहामामधलं कंपनीचं स्वतःचं बेट. जहाज धक्क्याला लागतं, तुम्ही चालत उतरता. समुद्रकिनारा, मोठा पोहण्याचा तलाव, खुर्च्या आणि बेटावरच्या ठरलेल्या ठिकाणचं जेवण भाड्यातच आलं. वेगळे पैसे वॉटरपार्कसारख्या गोष्टींचे. तुमच्या लेकीला तिच्या चुलतभावंडांबरोबर उंच घसरगुंड्यांवर जायचं असेल तर तिचं एक तिकीट काढा. सासूबाईंसाठी ११० डॉलर भरून त्यांना पाण्याकाठच्या सावलीत बसवण्यात काय हशील? तीच सावली फुकटही आहे.

ग्रँड केमनची गोष्ट वेगळी. तिथे क्रूझसाठी धक्का नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटी माणसांना जॉर्ज टाऊनला नेतात. सकाळी हजारो माणसांना एकदमच उतरायचं असतं, संध्याकाळी एकदमच परतायचं असतं. जहाजाची सहल घेतलेल्यांना सहसा आधी उतरवतात. स्टिंगरे सिटी ही नॉर्थ साऊंडमधली उथळ वाळूपट्टी, पाणी कमरेएवढं. पूर्वी कोळी तिथे मासे साफ करायचे, टाकलेल्या तुकड्यांवर स्टिंगरे जमायला लागले आणि माणसांना सरावले. असं आपल्याकडे कुठे बघायला मिळणार? ही सहल जहाजाकडूनच घ्या, पण चौघांची नाही, तिघांची. टेंडरमध्ये चढताना लाटेवर हलणाऱ्या बोटीत पाऊल टाकावं लागतं, आणि पुढे आणखी एक बोट. सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. पावागडला रोपवेतून उतरल्यावरच्या पायऱ्या त्या आज आधाराशिवाय चढतात का? नसतील, तर त्या दिवशी त्यांना जहाजावरच राहू द्या. निम्मं जहाज रिकामं असतं, डेकवर जागा मिळते, जेवायला रांग नसते.

केमनमध्ये खरेदी करताना एक लक्षात ठेवा. पाटीवरचा डॉलर अमेरिकी असेलच असं नाही. केमनचा डॉलर अमेरिकी डॉलरशी १.२० या दराने बांधलेला आहे आणि दुकानदार बरेचदा १.२५ धरतात. २० लिहिलेलं असलं तरी २५ गेले असं समजा.

कोझुमेल आणि कोस्टा माया दोन्ही मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात, आणि जाऊबाईंच्या यादीत दोन्हीकडे माया संस्कृतीचे अवशेष आहेत. दोन दिवसांत दोनदा? इतिहासाची खरी गोडी असेल तर जरूर बघा, पण पंधरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात दगड दाखवायला नेलंत तर ती काय म्हणेल हे शिक्षिकेला मी सांगायला नको. टुलुम देखणं आहे यात वाद नाही, समुद्रावरच्या कड्यावर उभं आहे. पण कोझुमेल हे बेट आणि टुलुम मुख्य भूमीवर. आधी फेरीबोटीने पाऊण तास प्लाया देल कारमेनला, मग बसने साधारण तासभर, आणि परत तेवढंच. दिवसातले साडेतीन-चार तास प्रवासातच जातात आणि मे महिन्याचं ऊन वरून. चाक्चोबेनला जायला कोस्टा मायाहून बसने साधारण तास लागतो, जंगलातली जागा आहे, झाडांची सावली आहे. एक निवडायचं तर मी चाक्चोबेन निवडेन, आणि तेही जहाजाकडूनच. कारण कोस्टा माया म्हणजे महाहुआल नावाचं छोटंसं गाव. तिथे जहाज चुकलं तर कॅनकूनचा विमानतळ तीनशे किलोमीटरहून लांब, आणि मग मायामीपर्यंतची तीन-चार तिकिटं त्या दिवशीच्या भावाने. हप्ता भरायची जागा ती हीच.

कोझुमेलला मात्र हप्त्याची गरज नाही. धक्के सान मिगेल गावात किंवा गावापासून टॅक्सीने थोड्याच अंतरावर. तुम्ही आठ जण आहात, हे जाऊबाईंच्या हिशेबात आलेलं दिसत नाही. जहाज माणशी पैसे घेतं, टॅक्सीवाला गाडीचे घेतो. तिथल्या टॅक्सींना मीटर नसतो, ठिकाणाप्रमाणे ठरलेले दर असतात, त्यामुळे बसण्याआधीच दर, थांबे आणि परतीची वेळ बोलून घ्या. पैसे फेरी संपल्यावर द्या. एक मोठी व्हॅन करून बेटाच्या दक्षिणेकडून फेरी मारा. पूर्वेच्या किनाऱ्यावर वस्ती जवळजवळ नाही, लाटा जोरदार आहेत, तिथे पोहायला उतरू नका, नुसतं बघा. अवशेष हवेच असतील तर सान हेर्वासिओ बेटावरच आहे, इशचेल देवीचं ठिकाण. या फेरीत सासूबाई गाडीत बसून सगळ्यांबरोबर असतील. चारपैकी याच दिवशी आठही जण एकत्र असाल, आणि हाच दिवस सगळ्यात स्वस्त पडेल. तुमच्या चौघांच्या वाट्याला खाण्यापिण्यासकट १५० डॉलर ठेवा. तासाभराच्या अंतरावर जहाज असेल तर दुपारी दोन-अडीच तास हाताशी ठेवून परता.

घड्याळाबद्दल सांगतो, कारण बाहेरची सहल घेणाऱ्यांची फजिती बहुधा इथेच होते. मे महिन्यात मायामीचं घड्याळ उन्हाळी वेळेप्रमाणे पुढे असतं. केमन आणि किंताना रो वेळ बदलत नाहीत, म्हणून दोन्हीकडे मायामीपेक्षा एक तास मागे असतं. जहाजाने आपली वेळ मायामीचीच ठेवली आणि तुमच्या मोबाईलने स्थानिक वेळ पकडली, तर तुम्हाला वाटेल अजून तासभर आहे आणि तिकडे जिना वर घेतलेला असेल. मोबाईलवरची आपोआप वेळ बंद करा, हातात साधं घड्याळ घाला, उतरताना दारातल्या फलकावरची परतीची वेळ बघून घ्या.

तर हिशेब असा. वॉटरपार्कचं एक तिकीट ११०, स्टिंगरे तिघांचं २३७, चाक्चोबेन तिघांचं २५५, कोझुमेलचे १५०. एकूण ७५२ डॉलर, म्हणजे ६७,६८० रुपये, मार्कअप धरून सत्तर हजारांच्या आसपास. यादीपेक्षा ऐंशी हजारांहून जास्त वाचले.

या सत्तर हजारांसाठी एफडीला हात लावू नका. जूनमध्ये मुलगी अकरावीत जाईल, क्लासची फी आणि पुस्तकं त्यातूनच काढायची तुमची योजना असणार. मोडल्यावर व्याज कमी मिळतं ते वेगळंच. कार्डाचा ईएमआय तर नकोच. व्याज, व्याजावर जीएसटी, वर प्रोसेसिंग फी, आणि क्रूझ संपून दिवाळी आली तरी हप्ते चालूच. एसआयपीही चालू ठेवा. आता डिसेंबर आहे. एप्रिलपर्यंतच्या पाच पगारांतून दर महिन्याला १४,००० बाजूला काढले की सत्तर हजार होतात. तुमच्या पगारात हे जमेल, थोडं ओढून ताणून का होईना.

फक्त सगळी तिकिटं एका दिवशी काढू नका. कार्डाचं बिल पुढच्याच महिन्यात येईल. स्टिंगरेच्या जागा लवकर भरतात, ती आधी काढा. चाक्चोबेन फेब्रुवारीत, वॉटरपार्क एप्रिलमध्ये. बुकिंगनंतर भाव उतरला तर रद्द करून नव्याने घेता येतं. सहसा सहलीच्या दोनेक दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळतात, पण प्रत्येक तिकिटावरची अट वाचा. वादळामुळे कप्तानाने बंदरच वगळलं तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत येतात. बाहेरच्या सहलवाल्याला तीच अट आधीच विचारून ठेवा.

जहाजावरच्या खात्याला फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं) देऊ नका, क्रेडिट कार्ड द्या. जहाज रोज काही रक्कम अडकवून ठेवतं. फॉरेक्स कार्डावर तुमचेच पैसे अडकतात आणि सुटायला घरी पोहोचल्यावरही वेळ जातो. रुपयात बिल करू का असं कुणी विचारलं तर नको म्हणा, डॉलरमध्येच करू द्या. टीसीएसची, म्हणजे परदेशासाठी पैसे काढताना आधीच घेतल्या जाणाऱ्या कराची, काळजी करू नका, फॉरेक्स कार्डात भरायची तुमची रक्कम वर्षाच्या १० लाखांच्या मर्यादेच्या जवळपासही नाही. टॅक्सी आणि बक्षिसीसाठी एक आणि पाच डॉलरच्या सुट्ट्या नोटा इथूनच घेऊन जा. जहाजावर दर माणशी रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, लागते, ती दीरांनी भाड्याबरोबर भरली आहे का, हे त्यांना आजच विचारा. चौघांची सात दिवसांची ती रक्कम स्टिंगरेच्या तिकिटांपेक्षा मोठी भरते. आणि थेपले न्याल हे मला माहीत आहे. घरचं अन्न जहाजावर नेऊ देतात का ते कंपनीला आधी विचारा, आणि बंदरावर उतरताना पिशवीत नको. उघडं अन्न बाहेर नेऊ देत नाहीत.

जाऊबाईंना काय सांगायचं हा खरा अवघड भाग, आणि त्याचं उत्तर माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये नाही. त्या डॉलरमध्ये कमावतात, ४२३ त्यांना वेगळे वाटतात, तुम्हाला वेगळे. कोझुमेलची व्हॅन आठ जणांची, आईंसाठी, असा प्रस्ताव तुमच्याकडून जाऊ द्या. टुलुमची त्यांची तिकिटं अजून रद्द होत असतील तर त्या येतीलही. नाही आल्या तर चौघांची छोटी टॅक्सी करा.

वाचलेल्या पैशातून आधी प्रवास विमा घ्या, ज्यात अमेरिका धरलेली असेल असा. अमेरिकेतलं रुग्णालय काय बिल करतं ते तुमच्या दिरांना विचारा. पॉलिसीत क्रूझ आणि मधले देश येतात का, जहाजावरून हलवावं लागलं तर खर्च मिळतो का, हे विचारा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल आधी तुमच्या खात्यावर चढतं आणि विमा कंपनी ते नंतर देते, म्हणून कार्डाची मर्यादा तेवढी मोकळी ठेवा. अर्ज भरताना सासूबाईंच्या ब्लड प्रेशरच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्या लिहा, लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, पण माहिती लपवली म्हणून दावा नाकारायला कंपनीच्या हातात काही राहणार नाही.