घराजवळच्या छोट्या हॉटेलातला नाश्ता एकदम बेकार निघाला, त्यांना सांगावं का? आणि परत जावं का?

तुम्ही लिहिलंय की ऑम्लेट रबरासारखं होतं, टोस्ट गार, कॉफी कडू, आणि एवढं होऊनही बिल देताना गल्ल्यावरच्या माणसाने "कसं होतं?" विचारलं तर "छान होतं" म्हणून बाहेर पडलात. वाचून हसूच आलं, कारण मी पण कित्येक वर्षं हेच करत आलोय.

सांगा, पण गल्ल्यावर नाही, पहिल्याच घासाला. का ते सांगतो.

कॉलेजात असताना वर्षभर मी अशाच एका हॉटेलात सकाळच्या शिफ्टला होतो, आधी भांडी, मग तव्यावर. तेव्हापासून समोर भिकार प्लेट आली की राग यायच्या आधी आत काय घोळ झाला असेल तेच डोक्यात सुरू होतं. मागच्या महिन्यात माझ्या नेहमीच्या हॉटेलात रविवारी गेलो, बाहेर रांग, वेटर दोनच. प्लेट आली तर टोस्टवर बटरचा चौकोनी तुकडा जसाच्या तसा, कडा पण मऊ पडलेल्या नाहीत. बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं, म्हणजे तो टोस्ट आपल्या अंगाएवढाही गरम नव्हता! उचलून बघितला तर खालची बाजू ओलसर, कारण गरम टोस्ट गार प्लेटवर नुसता पडून राहिला की त्याची वाफ खालीच अडकते आणि तिचं पाणी होतं. आणि ऑम्लेट काट्याने दाबलं तर कडेने पाणी सुटलं.

हे पाणी दूध घातल्यामुळे सुटतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण दूध न घालता पण सुटतं. अंड्याचा पांढरा भाग ६२-६३ डिग्रीच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, पिवळा त्याच्या थोडा पुढे, आणि त्यानंतरही तापवत राहिलात की त्यातलं प्रोटीन आवळत जातं आणि आतलं पाणी बाहेर पिळून काढतं, मग उरतं ते रबर. तव्यावरून काढलं तरी आतली उष्णता काम करतच असते, म्हणून मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की अंडं थोडं ओलं दिसत असतानाच उतरव, टेबलावर पोचेपर्यंत होतं बरोबर. पण ते प्लेट लगेच उचलली गेली तर. वेटर दुसऱ्या टेबलाची ऑर्डर घेत उभा असला आणि प्लेट गरम दिव्याखाली बसली की मग संपलं, अंडं तिथेच शिजत राहतं आणि बाजूचा टोस्ट गार होतो. एकाच प्लेटमध्ये एक जास्त शिजलेलं आणि एक गार, हे दिसलं की समजायचं आचाऱ्याचा हात वाईट नाहीये, प्लेट पडून होती. (बऱ्याचदा. आचारी खरंच वाईट पण असतात, मी स्वतः पहिले दोन महिने होतो.)

कॉफीचं कारण वेगळं. भांडं भरून आधीच करून हॉटप्लेटवर ठेवतात आणि अर्ध्या-पाऊण तासात ती आंबट-कडू व्हायला लागते, साखर घालून काही उपयोग नाही. "ताजी कधी करणार?" एवढंच विचारायचं.

तर त्या रविवारी मी वेटरला हाक मारली, म्हटलं, दादा, टोस्ट गार आहे आणि ऑम्लेट पण जास्त झालंय, बदलून मिळेल का, मला घाई नाही. आवाज चढवला नाही, फक्त दोन गोष्टी नेमक्या सांगितल्या. "नाश्ता चांगला नाही" म्हटलं असतं तर त्याने आत जाऊन काय सांगितलं असतं? "टोस्ट गार आहे" यावर आत लगेच काहीतरी करता येतं. पाच-सात मिनिटांत दुसरी प्लेट आली. अर्धं खाऊन झाल्यावर सांगितलं तर त्यांच्या हातात पैसे कमी करणं एवढंच उरतं, आणि आपल्यालाही उगाच अवघडल्यासारखं होतं.

परत जायचं की नाही, त्यासाठी मी एक बघतो. उशीर, गार, जास्त शिजलेलं हे गर्दीचे प्रॉब्लेम आहेत, आडवारी सकाळी लवकर एकदा जाऊन बघा. पण काट्याला जुनं अन्न चिकटलेलं, तेलाला खवट वास, दूध नासकं, असं काही असेल तर गर्दीचं कारण चालत नाही, तिथे मी दुसरा चान्स देत नाही. सांगितल्यावर वेटरने तोंड वाकडं केलं तरी नाही.

मी मंगळवारी परत गेलो. बटर टेबलावर यायच्या आधीच वितळून टोस्टमध्ये मुरलं होतं, ऑम्लेट मधे मऊ. कॉफी मात्र अजून तशीच आहे, ती मी घरूनच पिऊन जातो.