तळघरातली शेपटीवाली वाघळं

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा वाडा आहे. तळघराच्या झरोक्यातून दिवेलागणीला दहा-बारा बारकी वाघळं बाहेर पडतात. परवा एक खाली पडलं होतं, त्याला चक्क उंदरासारखी शेपटी! सासूबाई म्हणतात, केसांत अडकतात, झरोका लिंपून टाक. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शेपटीनेच ओळख पटवली. बहुतेक वाघळांची शेपटी पायांमधल्या पडद्यात गुंतलेली असते. हिची मोकळी लोंबते, जवळजवळ अंगाएवढी लांब. शास्त्रीय नाव रायनोपोमा हार्डविकी. आपण उंदीरशेपटी म्हणू. वजन रुपयाच्या तीन-चार नाण्यांएवढं.

कॉलेजात असताना एका किल्ल्यावरच्या गुहेत मी यांच्यावर बॅटरी मारली होती. भिंतीला चिकटलेली, नाकपुड्या बारीक चिरेसारख्या, आणि त्या मिटता येतात! हे कोरड्या, धुळीच्या मुलखातलं जनावर, त्याला तशी सोय हवीच. गुहेतला वास मात्र आठ दिवस शर्टातून गेला नाही. आईने तो शर्ट शेवटी पोतेऱ्याला काढला.

केसांचं म्हणाल, तर ती भीती सोडा. ही कानाने बघतात. तोंडाने आवाज काढायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखायचं. एकटं उडताना हा आवाज साधारण ३२.५ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साडेबत्तीस हजार कंपनांचा असतो. आपल्याला २० च्या वरचं ऐकू येत नाही. चार जण एकत्र उडाले की कुणी ३० वर उतरतं, कुणी ३५ वर चढतं, म्हणजे प्रत्येकाला आपलाच प्रतिध्वनी कळावा. अंधारात पतंग अचूक टिपणाऱ्याला तुमचं डोकं दिसणार नाही होय?

भुंगेरे, पतंग, पंख फुटलेली वाळवी हे यांचं खाणं. सुगीत खाऊन खाऊन शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर चरबी चढते. थंडीत किडे आटले की त्याच शिदोरीवर सुस्त पडून राहतात.

झरोका लिंपू नका. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, तेही पावसाळ्याच्या सुमारास. आत्ता लिंपलात तर पिल्लं आत कुजतील आणि सासूबाईंना तो वास जास्त महागात पडेल. लटकतात त्याच्या खाली जुना फ्लेक्स अंथरा. लेंड्या झाडताना आधी पाणी शिंपडा, नाकाला फडकं बांधा. पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नका, चावतं. जाड फडक्यात धरून संध्याकाळी उंच भिंतीवर ठेवा, आणि मांजराला तेवढा वेळ घरात कोंडा.