दुखत नाही, म्हणूनच दाखवा

प्रश्न : वय 22. वृषण दर महिन्याला स्वतः तपासावेत, असं मित्र म्हणतो. खरंच गरज आहे? (प्रतापनगर)

उत्तर : दर महिन्याचा नेम मी कुणाला लावत नाही. वृषणाचा कर्करोग आपल्याकडे विरळा. नेमाने तपासल्याने जीव वाचतात असा पुरावाही नाही. पण होतो तो बहुधा 15 ते 35 या वयात, त्यामुळे आपलं नेहमीचं हाताला कसं लागतं हे ठाऊक असावं. आंघोळीनंतर कातडी सैल असते (नागपूरच्या मे महिन्यात एरवीही असते). एकेक वृषण अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच फिरवा. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत लागेल. मागे मऊ, लांबट उंचवटा असतो. ती शुक्राणूंची नळी. निम्मी पोरं तिलाच गाठ समजून घाबरतात! एक बाजू जरा खाली असणंही नेहमीचंच.

प्रश्न : उजव्या गोटीवर वाटाण्याएवढा कडक खडा आहे. तीन महिने झाले, दुखत नाही. दाखवाले लाज वाटते. (काटोल)

उत्तर : याच आठवड्यात नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत जा. कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही, तिथेच माणूस फसतो. चिठ्ठी काढताना कारण सांगायला संकोच वाटला तर ‘सर्जरीत दाखवायचंय’ एवढं पुरे. सोनोग्राफी होईल, शंका आली तर एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या. सुई टोचून तुकडा काढू असं कुणी म्हणालं, तर आधी युरोलॉजिस्टला विचारा. कर्करोगाच्या संशयात सुई टोचत नाहीत, अख्खं वृषणच जांघेतून काढतात. उरलेल्या एकावर लग्न, मूलबाळ सहसा अडत नाही. तरी ऑपरेशनआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारून घ्या. लवकर सापडला तर शंभरातले 95 हून जास्त बरे होतात.

प्रश्न : भरतीच्या मेडिकलमध्ये डाव्या बाजूला ‘व्हेरिकोसील’ म्हणून अनफिट केलं. हा कॅन्सर का? (हिंगणा)

उत्तर : नाही. फुगलेल्या शिरा आहेत. आडवं झाल्यावरही फुगवटा ओसरत नसेल, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं आहे, एक गोटी खाली आली नाही. सासूबाई म्हणतात, येईल आपोआप. (महाल)

उत्तर : सहा महिन्यांनंतर क्वचितच येते. आता बालशल्यचिकित्सकाला दाखवा. दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हावं. अशा मुलांना पुढे कर्करोगाचा धोका थोडा जास्त असतो, तेव्हा मोठा झाल्यावर त्याला हे सांगून ठेवा.

प्रश्न : रात्री अचानक एका गोटीत भयंकर कळ आली, उलटीही झाली. सकाळपर्यंत थांबलो, मग आपोआप थांबली. (सीताबर्डी)

उत्तर : वृषणाला पीळ पडून सुटला असावा. पुन्हा पडू शकतो, म्हणून आजच सर्जनला भेटा. परत कळ आली तर सकाळची वाट पाहू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा; सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतं.